तळमजल्यावरचा खांब

दार चार बोटं उघडलं. पितळी साखळी ताणली गेली आणि त्या फटीत सावेकाकांचा अर्धा चेहरा दिसला. एक डोळा, अर्धी पांढरी मिशी आणि चष्म्याची एक काडी.

“काय आहे कर्णिकबाई?”

“कालचंच आहे, काका. इंजिनीयर आल्यात. पाच मिनिटं बघतील आणि जातील.”

“माझं घर ठणठणीत आहे. वर बघा म्हणावं.”

आणि दार बंद. त्या महिन्यात ते दार माझ्या तोंडावर बंद होण्याची ती नववी वेळ. मी मोजत होते, कारण राग मोजून ठेवायची मला जुनी खोड आहे. माझ्या मागे रेणुका तांडेल उभी होती, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात हातोडा. पोरगी तिशीचीसुद्धा नव्हती, पण तोंडावरची रेषा हलेल तर शपथ. तिनं वहीत तळमजला, एक नंबरच्या पुढे आणखी एक फुली मारली आणि वरच्या मजल्यावर चालू लागली.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची. आमची सिंधुसदन माहीमच्या चौपाटीला लागून. तळमजला आणि वर पाच मजले, चोवीस बिऱ्हाडं, बांधकाम एकाहत्तर सालचं. समुद्र इतका जवळ की संध्याकाळी खिडकी उघडी राहिली तर सकाळी आरसा चिकट झालेला असतो. आमच्याकडे फ्रिजची पाठ पाच वर्षांत पोखरते, खिडकीचे गज सालोसाल खरवडून रंगवावे लागतात, आणि कात्री टेबलावर विसरली तर आठवड्यात तिला तांबूस मिशी फुटते. लोखंडाची ही दशा डोळ्यांसमोर असून काँक्रीटच्या पोटातल्या सळयांचं काय होत असेल, हे चोवीस घरांतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात अडतीस वर्षं आलं नाही. भेग दिसली की लांबी भरायची, वर रंगाचा हात मारायचा, की झाली इमारत नवी.

मी सेक्रेटरी कशी झाले तेही सांगून टाकते. वार्षिक सभा आमच्या घरी होती. मी चहा आणायला आत गेले आणि ट्रे घेऊन बाहेर येईतो निवडून आले होते. आमच्या ह्यांनीच टाळी आधी वाजवली म्हणे. त्यानंतर तीनच महिन्यांत महापालिकेचं पत्र आलं. इमारत तीस वर्षांच्या वरची आहे, नोंदणीकृत इंजिनीयरकडून तपासणी करून घ्या आणि तीस दिवसांत अहवाल द्या. अहवालात इमारत दुरुस्तीजोगी निघाली तर दुरुस्ती. अतिधोकादायक निघाली तर पाणी-वीज तोडून सगळ्यांनी बाहेर.

बाहेर म्हणजे काय ते आम्ही पाहिलेलं होतं. दोन गल्ल्या सोडून एक चार मजली इमारत तशीच रिकामी केली होती. त्या दिवशी फुटपाथवर वॉशिंग मशीन, देवांचे फोटो, गाद्यांच्या वळकट्या आणि एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसलेले. सहा वर्षं झाली, तिथं अजून पत्र्याचं कुंपण आणि एरंडाची झाडं. माणसं कुठल्या कुठे पांगली. माझी मैत्रीण नेत्रा त्यांच्यातलीच. ती आता तीन तासांवर राहते आणि फोनवर आधी समुद्राची चौकशी करते, मग माझी.

म्हणून मी रेणुकाला घेऊन प्रत्येक घराची बेल वाजवत फिरत होते. ती खांबावर, तुळईवर हातोडीनं टकटक करायची, कान लावायची, कुठे खडूनं गोल काढायची. तेवीस घरं झाली. राहिलं एक.

सावेकाका गोदीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. धक्क्यांची, गोदामांची देखभाल त्यांच्याकडे असायची. एके काळी माणूस मोठा गप्पिष्ट, सोसायटीच्या सहलीला सगळ्यात पुढे. त्यांच्या बायकोला, कुंदाकाकूंना, अर्धांगवायू झाला, दोन वर्षं त्या अंथरुणाला आणि चाकाच्या खुर्चीला खिळून होत्या, आणि ब्याण्णव साली गेल्या. त्यानंतर काकांनी दाराला साखळी लावली. सतरा वर्षं आत कोणी पाऊल टाकलेलं नव्हतं. रंगारी नाही, मोलकरीण नाही. दिवाळीचा फराळ न्यावा तर डबा आडवा करून फटीतून आत घ्यायचे आणि चकल्यांचा चुरा व्हायचा. लोक म्हणायचे, आत रद्दी साठवलीय. कोणी म्हणायचं, डोक्यावर परिणाम झालाय. मी म्हणायचे, माणूस मुलखाचा हेकट आहे. त्यांच्या अगदी डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, माझंच घर होतं, त्यामुळे मत द्यायचा पहिला हक्क माझा.

सत्ताविसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तेविसाव्या म्हणजे माझ्या घरातल्या पॅसेजमध्ये रेणुकानं तुळईवर हातोडी मारली. आवाज बदलला. इतका वेळ टणटण होती ती एकदम भदभद झाली. तिनं दुसरा ठोका दिला आणि ताटाएवढा प्लास्टरचा पोपडा माझ्या पुसलेल्या फरशीवर येऊन पडला. आत तिरपी चीर होती.

“ही खालून आलीय, काकू,” ती म्हणाली. “ह्या तुळईचा भार ज्या खांबावर जातो तो खाली सावेंच्या घरात आहे. तो मला बघितलाच पाहिजे.”

“आणि नाही बघायला मिळाला तर?”

“न बघितलेल्या खांबाला मी चांगला म्हणून सही देऊ शकत नाही. वर अशी चीर असताना तर नाहीच. मग मला अतिधोकादायक लिहावं लागेल. सोमवारी.”

तिचा आवाज शांत होता, त्यानंच मला जास्त भीती वाटली. चेअरमन विजयकरांना फोन केला तर ते म्हणाले, वहिनी, सरळ पोलीस बोलावू आणि दार तोडू. विजयकर नेहमीच काहीतरी तोडायच्या गोष्टी करतात आणि मग दुपारी झोपतात. मी चप्पल घातली आणि एकटीच खाली गेले.

बेल वाजवली. साखळी, फट, अर्धी मिशी. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, वाक्यं पाठ केली होती, पण तोंडातून भलतंच निघालं. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि सांगितलं, काका, मला घर सोडायचं नाही. ह्या घरात मी चौतीस वर्षं काढली. माझी दोन्ही मुलं इथं चालायला शिकली. आता माझ्या पॅसेजमधल्या तुळईला एवढी चीर पडलीय की बोट जातं आत.

मग आतून एकदम वेगळ्याच, कामावरच्या आवाजात प्रश्न आला.

“बोट जातं की नख?”

“म्हणजे?”

“बाई, नीट सांगा. बोट जातं की नख जातं? आणि तिरपी आहे की उभी?”

मी म्हटलं, तिरपी आहे, आणि बोटाचं मला माहीत नाही, मी घातलं नाही, भीती वाटली. मग साखळी निघाल्याचा आवाज आला. सतरा वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. काका बाहेर आले ते बनियन आणि लेंग्यावर, अनवाणी, आणि दार मागे ओढून कठडा धरून जिना चढायला लागले. शहात्तर वर्षांचा माणूस, पण पहिल्या मजल्यापर्यंत थांबला नाही. माझ्या घरात न विचारता शिरले, रेणुकाच्या स्टुलावर चढले आणि चिरेला नख लावलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नख फिरवत गेले. रेणुकानं टॉर्च धरला. तिनं काही विचारलं नाही, हे तिचं शहाणपण.

“नखच जातंय,” काका खाली उतरून म्हणाले. “तुम्ही उगाच बोट म्हणालात.” “कडा जुन्या आहेत. धूळ बसलीय आतपर्यंत. ही ताजी नाही.” मग रेणुकाकडे वळून म्हणाले, “चला खाली. दाखवतो.”

आत रद्दी नव्हती. घर आरशासारखं लख्ख होतं, एक पलंग, एक टेबल, कुंदाकाकूंचा हार घातलेला फोटो. हॉलमधून न्हाणीघराकडे जायची अरुंद वाट होती, तशीच जशी वर माझ्या घरात आहे. त्या वाटेच्या तोंडाशी खांब. आणि खांबाच्या दोन्ही अंगांना जमिनीपासून तुळईपर्यंत लोखंडी टेकू उभे केलेले, तांबड्या रंगात रंगवलेले, गंजाचा ठिपका नाही. खांबाचा वाटेकडचा कोपरा डोक्याएवढ्या उंचीपर्यंत उभा तासून काढलेला होता. कोणीतरी छिन्नी घेऊन तीन इंच खाल्ला होता.

मला आधी कळलंच नाही मी काय बघतेय. रेणुकाला कळलं. तिचा चेहरा पहिल्यांदा हलला.

“हे कोणी केलं?”

“मी,” काका म्हणाले. “खुर्ची साडेसव्वीस इंच होती आणि वाट चोवीस. हिला न्हाणीघरापर्यंत नेता येईना. दोघांनी उचलून न्यायचं, तर दुसरा कुठून आणायचा. रोज पलंगावरच सगळं, आणि ही तोंड भिंतीकडे करून रडायची. तिला फार लाज वाटायची. नव्वदच्या दिवाळीत एका रविवारी मी छिन्नी घेतली.”

रेणुका म्हणाली, तुम्ही गोदीत होतात, तुम्हाला ठाऊक होतं की खांब कापायचा नसतो. ती रागावली नव्हती, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. काकांनी मान हलवली. म्हणाले, तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खांबांवर खडूनं फुल्या मारल्या. मला नाही ठाऊक तर कोणाला.

मग त्यांनी वर बोट दाखवलं. तुळईवरच्या चिरेवर आडवी बसवलेली काचेची एक पट्टी होती, दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसचे गोळे, आणि खाली काळ्या तैलरंगात तारीख. तिच्या शेजारी आणखी दोन पट्ट्या, दोन्ही मधोमध तडकलेल्या, त्यांच्याही खाली तारखा. चीर जराही हलली तर काच ताण सोसत नाही, फुटते, हे रेणुकानं मला तिथल्या तिथे समजावलं. पहिली काच एक्याण्णव सालच्या मार्चची, ती चार महिन्यांत फुटली. दुसरी त्र्याण्णवमध्ये फुटली. तेव्हा काकांनी गोदीतल्या एका ठेकेदाराकडून हे टेकू आणले, स्वतः कसले, दर वर्षी खरवडून गंजरोधक रंग दिला. तिसरी काच त्र्याण्णवच्या डिसेंबरची. ती अखंड होती.

टेबलावर वह्यांची चळत होती. रेणुकानं एक उघडली. रोजची तारीख आणि पुढे एकच शब्द. अखंड. अखंड. अखंड. तिनं पानं उलटली, दुसरी वही घेतली, तिसरी घेतली. कुंदाकाकू ज्या दिवशी गेल्या त्या दिवशीचीसुद्धा नोंद होती, तेव्हा दुसरी काच होती.

“आंघोळ झाली की आधी काच बघायची, मग देवाला हात जोडायचे,” काका म्हणाले. “कोणाला घरात येऊ दिलं तर दिसलं असतं. सांगितलं असतं तर सगळ्यांना बाहेर काढलं असतं. तुमची पोरं शाळेत होती. म्हटलं, हलली तर सांगू. रोज वाटायचं, आज हललेली असणार.”

मी सतरा वर्षं ह्या माणसाला हेकट म्हटलं होतं. आमच्या चोवीस बिऱ्हाडांत इमारतीची रोज तपासणी करणारा हा एकटाच होता, आणि तिला सगळ्यात मोठी जखम करणाराही हाच. मला त्यांचा राग यावा की त्यांच्या पाया पडावं, काही सुचेना. मी मूर्खासारखं विचारलं, काका, खांब कशाला तासलात, समोरची भिंत तर नुसती विटांची आहे, तीच पाडून मागे घ्यायची होती.

“तिच्यातून वरच्या सगळ्यांचे पाइप खाली येतात,” काका म्हणाले. “ते सरकवायचे तर दोन दिवस सगळ्यांचं पाणी बंद करावं लागलं असतं. सोसायटीची परवानगी पाहिजे. अर्ज दिला होता मी.”

“मग?”

“दिला होता तीनदा,” ते म्हणाले आणि रेणुकाला टेकूचे नट दाखवायला वळले.

मी घरी आले आणि सोसायटीचं कपाट उघडलं. सेक्रेटरीच्या घरी ते पिढीजात असतं, झुरळांसकट. नव्वद सालचं सभावृत्त सापडायला वेळ लागला नाही. ऑगस्टच्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं होतं. ‘श्री. सावे यांचा पाइप हलविण्याबाबतचा अर्ज वाचण्यात आला. गणेशोत्सवात सभासदांकडे पाहुणे असल्याने पाणी बंद ठेवणे गैरसोयीचे होईल, तरी विषय पुढील सभेत घ्यावा. सूचक, सौ. सुहासिनी कर्णिक. अनुमोदक, श्री. विजयकर.’ पुढच्या सभेत नवरात्र होतं. त्याच्या पुढच्या सभेत दिवाळी. दोन्हीकडे सूचक वेगळे होते, पण सुरुवात माझी होती.

सौ. सुहासिनी कर्णिक म्हणजे मी. तेव्हा चौतीस वर्षांची होते, समितीवर महिला प्रतिनिधी. मला त्या सभेचा एक शब्द आठवत नव्हता. हीच गोष्ट मला फार लागली. भांडून, विचार करून नकार दिला असता तर निदान आठवलं असतं. मी तो सहज दिला होता, बहुधा मोदकांच्या पिठाचा हिशोब डोक्यात चालू असताना. आणि खाली एक बाई तोंड भिंतीकडे करून रडत होती.

ह्यांना पान दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. मग विचारलं, सभेत वाचणार आहेस का. मी म्हटलं, बघू. खरं सांगते, त्या शुक्रवारी आणि शनिवारी मी ते पुस्तक दोनदा कपाटाच्या तळाशी नेऊन ठेवलं. काका काही बोलणार नव्हते. कोणाला आठवत नव्हतं. इमारत वाचत असेल तर जुनी शाई उकरून कोणाचं भलं होणार होतं, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. मला माझं स्वतःचं बोलणं पटत नव्हतं, आणि हा अनुभव मला फार कमी वेळा येतो.

दरम्यान रेणुकानं तिचं काम केलं. शनिवारभर ती आणि तिचे दोन सहकारी काकांच्या घरात होते. खांबाला छोटी भोकं पाडून नमुने काढले, सळया किती गंजल्या ते मोजलं. काका शेजारी उभे राहून टॉर्च धरत होते.

रविवारी दहा वाजता गाड्या ठेवायच्या जागेत खास सभा भरली. चोवीस घरांतली पन्नास-साठ माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोरून खारा वारा. रेणुकानं निकाल सांगितला. इमारत दुरुस्त होण्याजोगी आहे. कोणाला बाहेर जावं लागणार नाही. काम मात्र मोठं आहे, दीड वर्ष चालेल, आणि ते उद्यापासून टेकू लावून सुरू करावं लागेल. माणसांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की मला हसू आलं. मग ती म्हणाली, तळमजल्यावर एक खांब कापलेला आहे. वरच्या चिरा त्याच्यामुळे आहेत. पण तो गेली पंधरा वर्षं हललेला नाही याचा रोजचा पुरावा मला मिळालाय, आणि तो पुरावा नसता तर मी ही सही केली नसती.

विजयकर उभे राहिले. त्यांचा पहिला प्रश्न कोणी कापला हा होता. पुराव्याचं त्यांच्या कानावर पडलंच नसावं.

काका शेवटच्या रांगेत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. उठले आणि म्हणाले, “मी कापला. माझ्या बायकोची खुर्ची जात नव्हती म्हणून. चूक माझी आहे. तुम्ही सगळे माझ्यामुळे एकोणीस वर्षं धोक्यात राहिलात. जी काही तक्रार करायची ती करा, मी सही देतो.” आणि बसले. अर्जाचा एक शब्द नाही.

मग जे व्हायचं ते झालं. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ ओरडले, आमच्या लेकराबाळांच्या जिवाशी खेळ. दुसरा म्हणाला, दुरुस्तीचा सगळा बोजा त्यांच्यावरच टाका. विजयकर म्हणाले, गुन्हा दाखल करू, ठराव मांडा, कर्णिकवहिनी लिहून घ्या. काका मान खाली घालून बसले होते. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं आणि सगळे त्यांच्याबद्दलच बोलत होते.

मी ठराव लिहून घेतला नाही. मी पिशवीतून नव्वद सालचं पुस्तक काढलं, कारण शेवटी ते घेऊनच खाली उतरले होते, आणि ते पान मोठ्यानं वाचलं. तारखेसकट वाचलं. ‘सूचक, सौ. सुहासिनी कर्णिक’ हेही तेवढ्याच मोठ्यानं वाचलं. अनुमोदकाचं नाव वाचलं तेव्हा विजयकर खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसले. मग मी पुढची दोन पानं वाचली.

“दोन दिवस पाणी बंद नको म्हणून आपण तीनदा नाही म्हटलं,” मी म्हणाले. “मी पहिली होते. गुन्हा दाखल करायचा असेल तर माझं नाव वर लिहा, काकांचं खाली. काकांनी निदान रोज सकाळी उठून बघितलं. मी एकदाही जिना उतरून विचारलं नाही, की कुंदाकाकू न्हाणीघरात जातात कशा.”

मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. मग रेणुकानं, वारा बघून होडी हाकणाऱ्या तांडेलांची पोरगी खरी, संधी साधली. वही उघडून म्हणाली, आता बोलणं निघालंच आहे तर आणखी कोणी काय काय तोडलंय तेही सांगून टाका, मला नकाशात लिहावं लागेल. आधी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग चौथ्या मजल्यावरचे तेच गृहस्थ, जिवाशी खेळवाले, घसा खाकरून म्हणाले, की आम्ही एसीच्या पाइपासाठी तुळईत भोक पाडलंय, तसं लहानच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी स्वयंपाकघराची भिंत काढली होती. गच्चीवर विजयकरांच्याच काळात जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्याच्यावर आणखी एक, असे तीन थर चढवले होते, कारण खालचा काढायचा कंटाळा. रेणुकाची तीन पानं भरली. गुन्ह्याचा ठराव पुन्हा कोणी मांडला नाही. खर्चही सगळ्यांत सारखा वाटला गेला.

सोमवारी अहवाल गेला. अठरा महिने इमारतीला बांबूचे परांचे लागले होते. चहात सिमेंट, उशीवर सिमेंट, आमच्या ह्यांच्या दाढीत सिमेंट. मी कंत्राटदाराशी भांडले, रंगाशी भांडले, समुद्राशीसुद्धा भांडले असेन. आज मी सत्तरीला टेकलेय आणि ही कथा त्याच पहिल्या मजल्यावर बसून लिहितेय, त्यामुळे निकाल काय लागला ते वेगळं सांगायला नको.

पण मला सांगायचंय ते दुरुस्तीतल्या एका सकाळचं. काकांच्या खांबाचा नंबर आला होता. घराचं दार सताड उघडं, आत-बाहेर माणसांची ये-जा, आणि काका सगळ्यांना पाणी विचारतायत. रेणुका नकाशा घेऊन आली होती. तिनं सांगितलं, तासलेला भाग तर भरून काढायचाच, शिवाय खांबाला चारी बाजूंनी नव्या सळया बांधून चार इंचाचा नवा कोट चढवायचा. म्हणजे वाट वीस इंचांवर येईल. त्यातून धड माणूसही जाणार नाही. तेव्हा समोरची विटांची भिंत मागे घ्यावी लागेल, पाइप हलवून.

काका त्या तासलेल्या कोपऱ्यावरून हात फिरवत उभे होते. दोन वर्षं त्या कोपऱ्याजवळून त्यांनी बायकोला रोज नेलं होतं, आणि आता तो बुजणार होता. मी तिकडे बघायचं टाळलं.

“आजोबा, वाट किती ठेवू?” रेणुकानं विचारलं. “तुम्ही एकटेच आहात. चोवीस पुरेल ना, पूर्वीसारखी?”

“छत्तीस ठेवा,” काका म्हणाले.

“छत्तीस कशाला?”

“सत्तावीस होती तेव्हा खुर्ची जायची, पण ढकलणाऱ्याच्या बोटांची सालं निघायची.” त्यांनी उजवा हात उलटा करून पाहिला, जणू अजून तिथं काही दिसणार होतं. “माझं काही नाही. पण ह्या घरात पुढं कोणीतरी येईल, त्यांचंही कोणीतरी म्हातारं होईल. आणि बाकीच्या घरांतही तेवढीच ठेवता आली तर बघा.”

रेणुका माझ्याकडे बघायला लागली, कारण बाकीच्या घरांचं म्हणजे सोसायटीचं काम, आणि त्याला वरपासून खालपर्यंत पाइप हलवावे लागणार होते. मी तिला म्हटलं, लिही छत्तीस, सगळ्या घरांना. पाणी सहा दिवस बंद राहिलं. परवानगीचा विषय मी सभेपुढे ठेवलाच नाही.